ठाण्याचे रग्बीवाले

कल्याणचे एक वैद्यबुवा एकदा आमच्या कचेरीत आले ते हातात तेलाची बाटली घेऊनच. टोपी काढून त्यांनी घाम पुसला आणि खेळाचं पान लिहिणारे गृहस्थ कोण, असं विचारलं. मी समोरच्या, नानांच्या टेबलाकडे बोट केलं. त्या टेबलावर बाटली ठेवून वैद्यबुवांनी सांगितलं की हे निर्गुंडीचं तेल आहे, कोमट करून दोन वेळा चोळायचं, आणि तेल चालू आहे तोवर त्या पोरानं मैदानात उतरायचं नाही.

ते पोर म्हणजे उत्तर इंग्लंडातल्या कुठल्याशा गावचा एक रग्बी खेळाडू होता. आठवडाभर तो लोकांच्या घरचे नळ दुरुस्त करायचा आणि शनिवारी पैसे घेऊन खेळायचा. त्याचा डावा गुडघा दुखावल्याची बातमी आमच्या ठाण्याच्या मराठी साप्ताहिकात आली होती. ती वाचून कल्याणच्या वैद्यांना राहवलं नव्हतं.

बाटली दोन्ही हातांनी उचलून नानांनी ती उजेडात धरली. कोमट म्हणजे किती कोमट, रात्री पट्टी बांधायची का, असं सगळं नीट विचारून घेतलं. वैद्यबुवा चहा घेऊन गेल्यावर मी नानांना म्हटलं, हे तेल इंग्लंडला पोचणार कसं?

"आपण बातमी घेतली तो पेपरच तीन महिन्यांपूर्वीचा होता," नाना म्हणाले. "त्याचा गुडघा एव्हाना बरा तरी झाला असेल, नाहीतर कायमचा गेला असेल. पण वैद्यबुवा आज उन्हातून आले ना?"

मग धोतर वर सारून त्यांनी ते तेल तिथल्या तिथे स्वतःच्या गुडघ्याला चोळलं. वर्षानुवर्षं मैदानांच्या कडेला उभं राहून त्यांचेही गुडघे कामातून गेले होते. पुढच्या अंकात वैद्यबुवांचे जाहीर आभार छापून आले, आणि तेलाचा गुण येत असल्याचंही. गुण कोणाला येतोय, ते मात्र लिहिलं नव्हतं.

ही गोष्ट स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती तेव्हाची. मी डोंबिवलीला राहत होतो, बी. ए. झालो होतो आणि वकिलीच्या परीक्षेचा अभ्यास करतो असं घरी सांगून ठाण्याच्या त्या साप्ताहिकात मुद्रितं तपासत होतो. जांभळी नाक्याजवळ खाली छापखाना आणि वर कचेरी. मालक आणि संपादक एकच, ते ठाण्याच्या कोर्टात वकिली करायचे, म्हणून सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणत. आणि खेळाचं पान नानांचं. गावात त्यांना नाना फार थोडे म्हणायचे. 'रग्बीवाले कुठं राहतात' असं विचारलं की टांगेवाला सरळ खारकर आळीत नेऊन सोडायचा.

ठाण्यात त्या काळी रग्बी पाहिलेला माणूस शोधूनही सापडला नसता. हुतूतू, खोखो, आट्यापाट्या, तळ्याकाठच्या पोरांचं क्रिकेट, हेच आमचे खेळ. ते सगळे सामने नाना लिहायचेच. पण पानाच्या उजव्या कोपऱ्यात दर आठवड्याला रग्बी असायचीच. मुंबईतल्या साहेबी क्लबांची इंग्रजी रद्दी स्टेशनाजवळच्या एका दुकानात यायची. तिथं बसून नाना जुने विलायती पेपर चाळायचे आणि कित्येक महिन्यांपूर्वी होऊन गेलेला सामना काल पाहून आल्यासारखा लिहायचे. शब्द त्यांनी आपले आपण बसवले होते. दोन्हीकडची माणसं खांदे भिडवून एकमेकांना रेटतात त्याला 'झोंबी', आणि चेंडू प्रतिपक्षाच्या हद्दीत नेऊन जमिनीला लावण्याला 'टेकवण'. चेंडू कसा असतो हे विचारणाऱ्यांसाठी टेबलावर न सोललेला नारळ ठेवलेला असायचा.

सुरुवातीला वाचकांनी तो कोपरा सोडून दिला असावा. पण नानांनी तिथं खेळ लिहिलाच नाही, माणसं लिहिली. कोण नळ दुरुस्त करतो, कोण खाटकाकडे कामाला आहे, कोणाला तिसरी मुलगी झाली. हळूहळू नौपाड्यातल्या बायकासुद्धा त्या नळवाल्याची चौकशी करायला लागल्या.

एकदा झोंबी म्हणजे काय हे नुसतं सांगून कुणाला कळेना, तेव्हा नानांनी ती छापखान्यात करून दाखवायचं ठरवलं. एका बाजूला मी, खिळे जुळवणारा आमचा माणूस आणि यंत्रावरचा. समोर नोटिसा छापायला आलेले कोर्टातले दोन कारकून आणि एक पक्षकार. मधे नारळ. नाना शिट्टी फुंकतात न फुंकतात तोच पक्षकाराच्या अंगात काय आलं कोण जाणे, त्यानं आम्हा तिघांना असं रेटलं की जुळवून ठेवलेलं अख्खं पान टेबलावरून खाली आलं. शिशाचे खिळे घरंगळत जिन्यापर्यंत गेले. अंक एक दिवस उशिरा निघाला. वकीलसाहेबांनी खुलासा मागितला तेव्हा नाना गंभीरपणे म्हणाले की पक्षकार जिंकत होता, पण खेळ थांबवावा लागला. वकीलसाहेब रागावणारच होते, पण तो पक्षकार त्यांचाच निघाला.

नानांच्या घरी मी कधी गेलो की वहिनी आधी दारातच सांगायच्या, "यांना खेळातलं काही विचारू नका हं. मागच्या खेपेला पाहुण्यांना कंबरेत धरून पाडून दाखवलं होतं." नाना आतून हसायचे. मूलबाळ नव्हतं. दोघं एका खोलीत राहायची, आणि त्या खोलीच्या भिंतीवर देवाच्या तसबिरीशेजारी चिखलानं माखलेल्या गोऱ्या सोजिरांचा एक फोटो होता.

त्या फोटोची हकीकत त्यांनी मला एकदा तळ्याच्या कट्ट्यावर बसून सांगितली. लढाईच्या काळात कल्याणच्या पुढे लष्कराची मोठी छावणी होती. पुढे तिथंच सिंधी निर्वासितांची वस्ती झाली. नाना त्या छावणीच्या भांडारात कारकून होते. पावसाळ्यात कामाला सुट्टी झाली की बराकींमागच्या चिखलात सोजीर रग्बी खेळायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नानांना मारामारीच वाटली. मग त्यांच्या लक्षात आलं की जो सगळ्यांत जोरात पाडतो तोच पडलेल्याला हात देऊन उठवतो. तिथून जे वेड लागलं ते लागलंच.

त्यातल्या एका सोजिराशी त्यांची ओळख झाली. तो वेल्स नावाच्या डोंगराळ मुलखातला, कोळशाच्या खाणीत काम केलेला. त्याच्याकडून नानांना कळलं की रग्बीचे दोन पंथ आहेत. एक हौशी लोकांचा, आणि एक धंदेवाईकांचा, म्हणजे खेळण्याचे पैसे घेणाऱ्यांचा. खाणीत काम बंद पडलं तेव्हा हा गाव सोडून उत्तरेकडे गेला आणि पगारावर खेळायला लागला. त्या दिवसापासून गावच्या हौशी क्लबाचं दार त्याला बंद झालं. खेळणं राहिलं दूर, जुन्या सवंगड्यांबरोबर त्या क्लबात बसून चहासुद्धा घ्यायची सोय उरली नाही. लढाई सुरू झाल्यावर मात्र फौजेपुरती ती बंदी उठवली होती. छावणीत हौशी आणि धंदेवाईक एकाच चिखलात लोळत होते.

"मला म्हणाला, इथं मेलो तर मी त्यांचा," नाना सांगत होते. "जगून परत गेलो, तर पुन्हा परका."

तो सोजीर पुढे पूर्वेकडे गेला. त्याचं काय झालं ते नानांना कळलं नाही. रद्दीतल्या पेपरांत ते रग्बीची बातमी शोधायचे, तेव्हा त्याचंही नाव शोधायचे. हे त्यांनी माझ्यापासून लपवून ठेवलं नाही. नाव कधी सापडलं नाही, इतकंच.

कदाचित म्हणूनच 'धंदेवाईक' हा शब्द ते वेगळ्या मानानं उच्चारायचे. आमच्याकडे तो शब्द नाक मुरडून वापरला जायचा. नानांच्या तोंडी तो पदवीसारखा यायचा. त्यांच्या सामन्याच्या वृत्तातसुद्धा प्रत्येक खेळाडूचा धंदा असायचाच. सामन्याआधी ते खेळाडूंना गाठून विचारायचे, काम काय करता, आज पाळी कुठली होती, काय जेवून आलात. मग छापून यायचं की चढाईला गेलेला गडी सकाळी गोदीत पोती उचलून आला होता आणि दुपारी त्याला नुसती पेज मिळाली होती. वकीलसाहेबांना वृत्तात 'नेत्रदीपक' आणि 'अटीतटीचा' असे शब्द लागायचे. नाना ते काढून टाकायचे आणि त्या जागी पेज घालायचे. खेळणारा माणूस शनिवारी दिसतो, पण तो शुक्रवारीही कुठेतरी असतो, असं त्यांचं म्हणणं.

या त्यांच्या सवयीतूनच हिराजीचं प्रकरण घडलं.

हिराजी खाडीकाठच्या एका गावचा. मिठागरावर मजूर होता. हुतूतूत त्याच्या तोडीचा चढाई करणारा तेव्हा आमच्या सबंध भागात नव्हता. अंगानं बारीक, रंगानं काळाभोर, आणि बोलणं जवळजवळ नाहीच. मधली रेषा ओलांडून तो आत गेला की समोरचे सातजण आपोआप दोन पावलं मागे सरायचे. कधी वाकडं खेळला नाही. बाद झाला तर पंचाकडे न बघता बाहेर जाऊन उभा राहायचा. नाना त्याच्यावर फार खूश होते.

पाऊस सरल्यावर मिठागरं पुन्हा चालू होईपर्यंत हिराजीच्या हाताला फारसं काम नसे. त्या वर्षी एका तंबूवाल्यानं मुरबाडकडच्या बाजारगावांतून तिकीट लावून हुतूतूचे खेळ केले. त्यानं चांगले चांगले गडी रोजावर नेले. त्यात हिराजी होता. परत आल्यावर त्यानंच हे नानांना साधेपणानं सांगितलं, कारण नानांनी नेहमीप्रमाणे विचारलं होतं, सध्या काम काय करता.

नानांना आनंद झाला. त्यांनी अर्धं पान लेख लिहिला. मथळा होता, 'आपला पहिला धंदेवाईक'. त्यात त्यांनी इंग्लंडच्या उत्तरेकडच्या त्या खेळाडूंची आठवण काढली होती आणि म्हटलं होतं की आपल्याकडेही आता खेळाडूच्या घामाला मोल आलं, ही अभिमानाची गोष्ट आहे. मुद्रित मी तपासलं. मला तो लेख आवडला होता.

आमच्या भागातल्या क्रीडामंडळांची मिळून एक समिती होती. सामने तीच भरवायची आणि वकीलसाहेब तिचे उपाध्यक्ष होते. पैसे घेऊन खेळणाऱ्याला समितीच्या सामन्यांत मज्जाव, असा तिचा नियम होता. तंबूत कोण कोण खेळून आलं याची कुजबूज समितीच्या कानावर होतीच, पण पुरावा नव्हता. पुरावा आम्ही छापून दिला.

समितीची बैठक एका शाळेच्या वर्गात भरली. मोठी माणसं पोरांच्या बाकांवर अवघडून बसली होती. हिराजी धुतलेला सदरा घालून दाराशी उभा होता. अध्यक्षांनी नानांचा लेख मोठ्यानं वाचून दाखवला. नाना माझ्या शेजारी बसले होते. आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्यांचा चेहरा कसा बदलत गेला ते मी पाहिलं. वाचून झाल्यावर अध्यक्षांनी हिराजीला विचारलं, हे खरं का. हिराजी म्हणाला, खरं हाय. इतर गडी बोलावले होते त्यांनी साफ नाही म्हणून सांगितलं आणि ते सुटले. त्यांची नावं लेखात नव्हती.

मग नाना उठले. ते बराच वेळ बोलले आणि नीट बोलू शकले नाहीत. वेल्सचा सोजीर, कल्याणची छावणी, नळवाला, सगळं एकात एक गुंतलं. लोक चुळबूळ करायला लागले. शेवटी ते वकीलसाहेबांकडे वळले.

"सुतार धंदेवाईक असतो, डॉक्टर धंदेवाईक असतो. वकीलसाहेब, तुम्ही काय हौशी वकील आहात?"

सगळे हसले. वकीलसाहेबही हसले. आणि मग हात वर झाले आणि हिराजीवर कायमची बंदी आली. वकीलसाहेबांचा हात वर होता. नियम आहे तो आहे, असं त्यांनी नंतर मला सांगितलं, आणि ते खोटं बोलत नव्हते. ते सरळ माणूस होते, म्हणूनच त्यांच्याशी भांडणं अवघड होतं.

त्या शनिवारी नानांनी दोन मंडळांमधल्या सामन्याचं वृत्त दिलं. त्याचं शेवटचं वाक्य होतं, 'हिराजी खेळला नाही.' मी ते तसंच जाऊ दिलं. पुढच्या आठवड्यात खोखोच्या वृत्ताखाली तेच वाक्य. त्याच्या पुढच्या आठवड्यात एका वाचनालयातल्या बुद्धिबळाच्या डावांखाली. वकीलसाहेबांनी ते खोडलं, तर नानांनी ते वाक्य मजकुराच्या मधोमध घातलं. शाळेच्या क्रीडामहोत्सवात लिंबू-चमच्याची शर्यत झाली, त्यातही हिराजी धावला नव्हता. एकदा वकीलसाहेबांनी नानांना बोलावून विचारलं की हे किती दिवस चालणार. नाना म्हणाले, तो खेळेपर्यंत. वकीलसाहेबांनी त्यांना काढून टाकायला हवं होतं, पण बैठकीतला आपला हात त्यांनाही टोचत असावा. त्यांनी खोडायचंच सोडून दिलं.

गावाला मात्र गंमत सापडली. लग्नात कुणी आलं नाही की लोक म्हणायचे, हिराजी आला नाही. कोर्टात साक्षीदार गैरहजर राहिला तरी तेच. पानपट्टीवाला उधारी चुकवणाऱ्याला हिराजी म्हणायला लागला. नाना हे ऐकायचे आणि त्यांना वाटायचं, आपला आवाज पोचतो आहे. मलाही तसंच वाटायचं.

सहा-सात महिने असे गेल्यावर एका दुपारी हिराजी कचेरीचा जिना चढून वर आला. नाना लगबगीनं उठले, स्वतःची खुर्ची त्याच्यासाठी ओढली. तो बसला नाही.

"साहेब, माजा नाव नका लिवू आता."

नानांना वाटलं कुणीतरी त्याला दम दिला. ते विचारायला लागले, कोण म्हणालं, समितीतलं कोणी आलं होतं का. हिराजीनं मान हलवली. कोणी आलं नव्हतं, असं त्यानं सांगितलं. बाजारात मासळी घ्यायला गेलं की लोक हसतात. बायको घरी रडते. मुलाला शाळेत पोरं चिडवतात. मिठागर सोडून तो आता आंबिवलीच्या कारखान्यात लागला होता, तिथंही कुणीतरी आमचा अंक आणून भिंतीला चिकटवला होता.

"अहो, पण मी तुमच्यासाठीच लिहीत होतो," नाना म्हणाले.

"मना इचारला नाय तुमी."

तो हे रागानं म्हणाला नाही. पहिला लेख लिहिण्याआधीही विचारलं नव्हतं आणि नंतरही नाही, एवढंच त्याला सांगायचं होतं. नाना टेबलाच्या कडेला हात टेकून उभे होते. मग ते म्हणाले की चुकलं. तेवढंच म्हणाले, पुढे काही जोडलं नाही, आणि नानांना बोलणं असं आटोपतं घेताना मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, काय लिहू म्हणजे बरं होईल.

"काय नको. बगायला या. आयतवारी खेलतांव आमी, पालीवरशी सुटलो का."

त्यानंतर नानांनी वकीलसाहेबांना सांगून खेळाचं पान काही दिवसांसाठी माझ्याकडे दिलं आणि स्वतः भाताचे बाजारभाव आणि म्युनिसिपालिटीच्या सभा लिहायला घेतल्या. तिथंही त्यांची सवय गेली नाही. भात विकायला आलेला शेतकरी सकाळी किती वाजता गाडी जुंपून निघाला होता, ते भावाच्या शेजारी यायचंच. पण छापण्याआधी ते त्याला विचारायचे, हे घातलं तर चालेल का. कुणी नको म्हटलं की नाव निघायचं.

आणि रविवारी दुपारी ते आंबिवलीला जायचे. वहिनी मला म्हणाल्या, "पूर्वी हे कुठं जातात ते मला पेपरात वाचायला मिळायचं. आता तुम्हाला विचारावं लागतं." मी त्यांना सांगायचो, कारण मीही पुष्कळदा डोंबिवलीला गाडीत चढून त्यांच्याबरोबर जायचो.

कल्याण सोडून गाडी कसाऱ्याच्या अंगाला लागली की वस्ती विरळ व्हायची. आंबिवलीला उतरलं की कारखान्याच्या चिमणीचा उग्र वास नाकात शिरायचा. मजुरांच्या चाळींमागे कापणी झालेलं एक शेत होतं. तिथली धसकटं काढून, माती पाण्यानं दाबून त्यांनी मैदान केलं होतं. रेषा चुन्याच्या नव्हत्या, बॉयलरच्या राखेच्या होत्या. संघ खात्याखात्यांचे. कुणी देशावरचा, कुणी कोकणातला, कुणी उत्तरेतला. कुणी कुणाची वर्गणी घेतली नव्हती आणि कुठल्या ढालीसाठी खेळत नव्हते. तिकडे समितीचा नियम कुणाला ठाऊकही नव्हता.

हिराजी तिथं बदलून गेला होता. ठाण्याच्या मैदानावर कधी तोंड न उघडणारा तो माणूस इथं नव्या पोरांना ओरडून शिकवायचा. घोटा कसा धरायचा, दम कुठं सोडायचा. त्याच्या चढायांना पूर्वीची धार उरली नव्हती, वाइंडिंग, म्हणजे धागा गुंडाळायच्या खात्यातला एक जाडजूड गडी त्याला हमखास धरायचा. धरला गेला की हिराजी हसायचा. मी त्याला पूर्वी हसताना पाहिलेला नव्हता. नाना मैदानाच्या कडेनं फेऱ्या मारत बघायचे. मी एकदा त्यांना म्हटलं, यावर एक छानसं लिहा ना, हिराजीला विचारून. ते म्हणाले, विचारलं होतं. तो नको म्हणाला. परतीच्या गाडीत ते त्या दिवशीचा सगळा खेळ मला तोंडी सांगायचे, जो मी त्यांच्या शेजारी उभा राहून आत्ताच पाहिलेला असायचा. मी अडवायचो नाही. कुठंतरी तो त्यांना सांगायलाच हवा होता.

असं वर्ष-दीड वर्ष गेलं असेल. मग समितीच्या ढालीसाठी बाहेरून एका मोठ्या गिरणीचा संघ आला आणि सगळ्यांना हरवून गेला. त्या संघातले गडी गिरणीत हजेरीपुरते जायचे, बाकी वेळ खेळायचे आणि पगार घ्यायचे. नियमाच्या कागदावर ते नोकरदार होते, म्हणून हौशी होते. अंतिम सामन्याला वकीलसाहेब व्यासपीठावर होते. दुसऱ्या दिवशी ते कचेरीत आले ते थेट खोलीत जाऊन बसले. नंतर समितीच्या दर बैठकीत त्यांनी हाच विषय काढला. चारचौघांत हात वर केलेल्या माणसानं चारचौघांत तो खाली घ्यायचा म्हणजे सोपं नव्हतं. त्यांच्या काही जुन्या स्नेह्यांनी त्यावरून त्यांच्याशी बोलणं टाकलं. पण त्यांनी तो विषय धरून ठेवला आणि अखेर हिराजीवरची बंदी उठली.

हे सांगायला ते स्वतः नानांच्या टेबलापाशी आले. म्हणाले, पुढच्या महिन्यात सामने आहेत, समिती त्याला मानानं बोलावणार आहे, शाल देणार आहे. तुम्ही जाऊन सांगा. तुमच्या तोंडून बरं वाटेल.

नाना आंबिवलीला जाऊन आले. दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब कोर्टातून परस्पर कचेरीत आले, अंगात काळा कोट तसाच होता. मी मुद्रितं बाजूला ठेवली. मला वाटलं, नाना आता खूप काही बोलतील. एवढ्या दिवसांचं साठलेलं होतं, आणि समोर ऐकायला नेमका माणूस होता.

"काय म्हणाला?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"येणार नाही म्हणाला. तिथं त्याचा संघ आहे."

"रागावलाय का अजून?"

"ते मी विचारलं नाही," नाना म्हणाले. "त्यानं सांगितलं तेवढं सांगतो. येत्या रविवारी बॉयलर आणि वाइंडिंगची मॅच आहे, म्हणून सांगितलं."

वकीलसाहेबांनी काळा कोट काढून खुंटीला अडकवला. मग त्यांनी विचारलं, "किती वाजता?"

त्या रविवारी आम्ही तिघं गेलो. वकीलसाहेब स्वच्छ धोतर सावरत, राखेच्या रेषांवर पाय पडू न देता शेताच्या कडेला येऊन उभे राहिले. हिराजीनं त्यांना ओळखलं. खेळ सुरू व्हायचा होता, दोन्हीकडचे गडी मैदानात उभे होते आणि पंच कोणी व्हायचं यावरून वाद चालला होता, कारण बॉयलरवाल्यांना वाइंडिंगचा पंच नको होता आणि वाइंडिंगवाल्यांना बॉयलरचा. हिराजी हात पुसत आमच्याकडे आला.

"वकीलसाहेब, तुमी व्हा पंच."

वकीलसाहेब गोंधळले. त्यांनी नानांकडे पाहिलं, नाना दुसरीकडेच बघत होते. अनेक वर्षांत मी मैदानात उतरलेलो नाही, असं काहीतरी ते पुटपुटले. हिराजीनं शिट्टी त्यांच्या हातात ठेवली आणि तो आपल्या जागेवर गेला.

खेळ रंगला. हिराजी बॉयलरकडून चढाईला आत गेला, एकाला शिवला, वळला आणि परत रेषेकडे झेपावला, तोच त्या जाडजूड गड्यानं त्याचा घोटा धरला. हिराजी आडवा पडला आणि हात लांबवून त्यानं रेषा गाठली. बॉयलरवाल्यांनी जल्लोष केला. पण रेषा गाठायच्या आधीच त्याचा दम तुटला होता. ते अगदी थोड्या अंतरानं घडलं होतं. मी पाहिलं, नानांनी पाहिलं, आणि वकीलसाहेब वाकून तिथंच उभे होते.

सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी शिट्टी वाजवली. मग त्यांनी हात वर केला आणि हिराजीला बाद दिला.

हिराजी उठला, अंगावरची राख झटकली, आणि पंचाकडे न बघता बाहेर जाऊन उभा राहिला.